कपाटामागची बुरशी आणि रोज रात्री एक गुंड पाणी

मी घरीच शिलाई करते, ब्लाउज, पिको-फॉल, शाळेचे ड्रेस असं सगळं, आणि ही भानगड माझ्या लक्षात आली ती एका शालूमुळे. गावातल्याच एका काकूंनी पोरीचा शालू फॉल लावायला दिला होता, लग्न दिवाळीनंतरचं पण काकूंना सगळं आधीच करून ठेवायची घाई, म्हणून जुलैतच आणून दिला. मी पिशवीत घालून लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात ठेवला आणि पंधरावीस दिवस तिकडे पाहिलंच नाही, कारण शाळा सुरू झालेल्या आणि ड्रेसचा ढीग पडलेला. काढला तेव्हा घडीवर मोहरीएवढे राखाडी-काळे ठिपके. आणि वास, तो कसा सांगू, ढेपीचं पोतं पावसात भिजून चार दिवस तसंच पडलं की येतो ना, तसाच.

माझे तर हातपायच गार पडले. स्वतःची साडी असती तर गेली खड्ड्यात, पण लोकाचा शालू!

यांना हाक मारून कपाट ओढलं. मागे भिंत काळी. म्हणजे खालच्या फरशीपासून माझ्या कंबरेपर्यंत, बरोबर कपाटाच्या पाठीएवढा चौकोन, मधात काळाकुट्ट, कडेला हिरवट आणि त्याच्या बाहेर पांढरी पावडर फुटलेली. रंगाचे पोपडे सुटून कपाटामागे ढीग झाला होता. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, काठी टेकत आल्या, पाहिलं आणि म्हणाल्या, "सूनबाई, भितीले बुरा चढला वं. लोणच्यावर चढते तसा." त्यांना दमा आहे आणि त्या याच खोलीत झोपतात. जूनपासून त्यांचा खोकला वाढला होता आणि आम्ही म्हणून राहिलो होतो की पावसाळी हवा आहे, होतेच.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडे. समोरचं घर जुनं, मातीच्या भिंती आणि कवेलू, आणि मागच्या दोन स्लॅबच्या खोल्या 2016 ला बांधल्या. त्यातल्या एकीत माझी मशीन, आत्याबाईंचा पलंग, कपाट, आणि वर्षातून तीन दिवस महालक्ष्म्या. त्या खोलीला लागूनच न्हाणी. हे आता लिहिताना इतकं सरळ दिसते की भिंतीच्या पलीकडे न्हाणी आहे तर ओल कुठून येणार, पण तेव्हा आमच्या डोक्यात ते शेवटी आलं. पहिला संशय कूलरवर. आपल्याकडे एप्रिल-मे कूलरशिवाय निघत नाही, तो त्याच खोलीच्या खिडकीत, टाकीतून थोडं पाणी गळतच असते, खोली सगळी दमट. मी म्हटलं हे उन्हाळ्याचंच पाप आहे. पण कूलर तर मृग लागल्यावरच उचलून ठेवला होता आणि डाग वाढून राहिला होता. मग संशय स्लॅबवर. यांनी सोयाबीन झाकायची ताडपत्री वर नेऊन अंथरली, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. काही फरक नाही. मग मामाजी, म्हणजे सासरे, म्हणाले काळी माती आहे, जमिनीतून ओल चढते, पहिल्यापासून चढते, त्याले इलाज नाही. झालं, इलाज नाही म्हटल्यावर सगळे आपापल्या कामाला.

आता माझा मूर्खपणा सांगते, तोही लपवत नाही. पहिल्या दिवशी मी खराटा घेतला आणि कोरडीच भिंत खरवडली. तोंडाला पदर बांधला होता तेवढंच. काळी भुकटी सगळ्या खोलीत उडाली, मशीनवर, गादीवर, आणि त्या रात्री आत्याबाई बसूनच राहिल्या, झोपताच येईना, छाती नुसती सू सू वाजे. सकाळी ग्रामीण रुग्णालयात नेलं, नेब्युलायझर दिलं तेव्हा जरा बरं वाटलं. डॉक्टरांनी विचारलं घरात धूळ, धूर, ओल काही? मी सांगितलं भिंतीवर काळी बुरशी आली आहे, तर यांचा चेहराच उतरला, कारण 2021 ला कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत 'काळी बुरशी' हा शब्द ऐकूनच लोक घाबरत होते, आमच्या पाहण्यात एकाचा डोळा काढावा लागला होता. डॉक्टरांनी नीट समजावलं की ते म्युकरमायकोसिस, ते वेगळं, ते बहुतेक शुगर आटोक्यात नसलेल्या, स्टेरॉइड जास्त झालेल्या, प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसांना होते, आणि त्यात ती बुरशी स्वतः काळी नसते, तिच्यामुळे मेलेला भाग काळा पडतो. भिंतीवरची ही वेगळी. पण दमेकऱ्याला हिचे बारीक कण नाकात गेले की दमा उसळतो, म्हणून आजींना आजपासून त्या खोलीत झोपवू नका, आणि कोरडी झाडू तर मारूच नका, ओली करून पुसा. म्हणजे मीच आदल्या दिवशी सासूला आजारी पाडलं होतं. घरी येताना ऑटोत मी गप्पच होते.

आत्याबाईंचा पलंग समोरच्या मातीच्या खोलीत हलवला. तिथे त्यांचा खोकला चारपाच दिवसात निम्मा झाला.

दुसरा मूर्खपणा पहिल्याहून वाईट. गावात पाण्यात टाकायची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर असते ना, ती थोडी घरात होती. मी बादलीत कालवली, भिंतीला फासली, काळं बरंचसं पांढरं पडलं, मला वाटलं जिंकलो. खाली फरशीच्या सांध्यात काळं राहिलं होतं म्हणून त्याच्यावर संडास धुवायचं ॲसिड ओतलं. एकदम असा उग्र वास सुटला की डोळ्यात आणि घशात मिरच्या कांडल्यासारखं झालं, मी दार उघडून अंगणात पळाले आणि अर्धा तास खोकत होते. ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो हे मला भाच्यानं नंतर सांगितलं, तो यवतमाळला बीएस्सीला आहे. पोरगं माझ्यावर ओरडलं अक्षरशः, "मामी, दार बंद असतं तर?" बरं एवढं करून आठ दिवसात काळे ठिपके परत हजर. ब्लीचनं वरचा रंग जातो, पलस्तराच्या आत जे रुतलेलं असते ते तसंच राहते, आणि वरून आपण पाणी आणखी पाजलेलं असते.

तोवर पोळा आला, मग गणपती, आणि महालक्ष्म्या याच खोलीत बसतात, दुसरीकडे बसवायला आत्याबाई तयार नाहीत. म्हणून मग जे सगळे करतात तेच केलं. पुट्टी आणली, खरवडून भरली, वरून गुलाबी रंग मारला. तीन दिवस भिंत अशी सुंदर दिसली की बायका विचारत होत्या रंग कोणता. जेवणाच्या दिवशी, सोळा भाज्यांचं ताट समोर आणि मखराच्या मागे भिंतीला फोड आलेला मी पाहिला, भाकरी फुगते तसा. कोणाला दिसू नये म्हणून तिथे केळीचा खांब सरकवला. दहा दिवसात पुट्टी थराथरानं सुटली आणि आतून तेच काळं. 1400 रुपये पाण्यात, शब्दशः.

खरा शोध लागला तो मिस्त्रीभाऊंमुळे, आणि तेही आले होते दुसऱ्याच कामाला, गोठ्याचं दावण बांधायला. चहा प्यायला बसले तर मी म्हटलं एवढी भिंत पाहून द्या. त्यांनी भिंतीला हात लावला, वर पाहिलं, खाली पाहिलं, बाजूच्या भिंतीला हात लावला. म्हणाले, "वहिनी, स्लॅब गळला असता तं वरून काळं झालं असतं, वर तं कोरडं खडक हाये. जमिनीतून असती तं चारी भिती ओल्या पायजे होत्या. ही एकच भीत ओली, अन् हे तं मधातली भीत, इले पावसाचं पाणी लागतच नाही. तुमचा न्हाणीतला पाइप पाहा." मग मला विचारलं, टाकी पहिल्यापेक्षा लवकर संपते का?

आणि मी चूप. कारण संपत होती! आमच्याकडे नळ एक दिवस आड येतो, त्या दिवशी मोटर लावून स्लॅबवरची 500 लिटरची टाकी भरायची आणि दोन दिवस पुरवायची. उन्हाळ्यापासून ती दुसऱ्या दिवशी दुपारीच खडखडायची आणि मी पोरांवर ओरडायची की किती अंघोळी करता रे.

मिस्त्रीभाऊंनी सांगितलेली युक्ती फुकटची आहे म्हणून सविस्तर लिहिते. रात्री सगळ्यांचं झाल्यावर घरातले सगळे नळ बंद केले, संडासची टाकी भरू दिली आणि तिचाही कॉक बंद, आणि हे स्लॅबवर जाऊन टाकीत आतून पाण्याच्या रेषेवर कोळशानं खूण करून आले. सकाळी कोणी तोंड धुवायच्या आधी पाहिलं तर पाणी खुणेच्या दोन बोटं खाली. दुसऱ्या रात्री टाकीच्या तोंडाचाच व्हॉल्व्ह बंद करून तेच केलं, तर पाणी जिथल्या तिथं, म्हणजे टाकी फुटकी नाही. तिसऱ्या रात्री सयपाकखोलीची लाइन बंद, न्हाणीची चालू. परत दोन बोटं. म्हणजे चोर न्हाणीच्या भिंतीत. भाच्यानं फोनवर हिशोब करून सांगितलं की एवढ्या टाकीत दोन बोटं म्हणजे पंधरा लिटरच्या आसपास, पाणी भरायचं एक मोठं भांडं, आमच्याकडे त्याला गुंड म्हणतात. एक गुंड पाणी. रोज रात्री आमची भिंत एक गुंड पाणी पीत होती, दिवसाचं वेगळं, आणि ज्या गावात नळाच्या दिवशी बायका रांगेत भांडतात त्या गावात.

पण सापडलं म्हणून लगेच फोडलं असं नाही. सप्टेंबर संपत आला होता, सोयाबीन सोंगणीला आलेलं. त्या दिवसात आपल्याकडे मिस्त्री काय, तलाठी पण सापडत नाही! मिस्त्रीभाऊंचं स्वतःचं चार एकर उभं होतं. आम्ही एवढंच केलं की न्हाणीचा व्हॉल्व्ह बंद ठेवला आणि बादलीनं पाणी नेलं, तीन आठवडे. कटकट झाली पण खरं सांगू, सगळ्यात मोठं काम त्या दिवशीच झालं होतं, फुकटात.

दसऱ्यानंतर फोडलं. न्हाणीच्या बाजूनं चार टाइल्स छन्नीनं काढल्या आणि आत, नळाच्या मागे, पितळी आट्याचा एल्बो, म्हणजे पाइपाचा वळणाचा जोड, त्याला केसाएवढी चीर. व्हॉल्व्ह उघडला की त्या चिरेतून पाण्याचा बारीक धागा निघे, तुटत नव्हता, आवाज नव्हता, विटेवर जाऊन नुसता मुरत होता. मिस्त्रीभाऊ म्हणाले नळ बसवताना कोणीतरी पान्ह्यानं जास्तच आवळला. मी यांच्याकडे पाहिलं, यांनी छताकडे पाहिलं. आदल्या वर्षी नळ यांनीच बदलला होता, प्लंबरचे 200 रुपये वाचवले होते. नवीन एल्बो 90 रुपयांचा.

बसवल्यावर मिस्त्रीभाऊ लगेच टाइल लावायला निघाले होते, मी लावू दिली नाही. म्हटलं आठ दिवस उघडं राहू द्या. सांध्याला कोरडी राख फासून ठेवली, चुलीचीच, थेंब जरी आला तरी राखेवर काळी रेघ उठते. रोज सकाळी टॉर्च मारून पाहायची. आठव्या दिवसापर्यंत राख जशीच्या तशी, तेव्हा बंद केलं.

माझ्या बाजूची भिंत साफ करताना मात्र यावेळी डोकं वापरलं. भाच्यानं अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची, ईपीएची माहिती मोबाइलवर वाचून दाखवली की साधारण दहा चौरस फुटांपर्यंतचा डाग घरच्या घरी साफ करता येतो, त्याहून मोठा असला तर जाणकार माणूस लावा. आमचा बाराच्या आसपास भरला. आता आमच्या गावात बुरशीचा जाणकार कुठून आणू, मीच जाणकार. कोरोनातले एन-95 मास्क उरले होते, फवारणीचा चष्मा आणि हातमोजे होते. घराकडचं दार बंद, खाली ओलं पोतं टाकलं, अंगणाकडची खिडकी सताड उघडी, पंखा बंद. पंखा चालू ठेवला तर सगळं घरभर फिरते. भिंतीवर फवारणीच्या छोट्या पंपानं साबणाचं पाणी मारलं, नवीन पंप, औषधाचा नाही, आणि मग मिस्त्रीभाऊंनी ओलं ओलंच पलस्तर काढलं, डाग संपतो तिथून आणखी हातभर पुढेपर्यंत, थेट विटेला. मलबा युरियाच्या पोत्यात भरून तोंड बांधून बाहेर. कपाट लोखंडी, ते साबणानं घासून उन्हात वाळवलं, निघालं स्वच्छ. पण आतल्या प्लायच्या फळ्या, पुठ्ठ्याचे डबे, कापसाची गादी, हे काही वाचत नाही, असल्या वस्तूत ती आतपर्यंत शिरते. गादीवरून आत्याबाईंनी दोन दिवस अबोला धरला, ती त्यांच्या लग्नातली, माहेरच्या कापसाची. शेवटी मामाजींनी समजावलं, "ते गादी तुह्या जीवापेक्षा मोठी हाये का?" त्या काही बोलल्या नाहीत, पण खोळ तेवढी उसवून, उकळून, जवळ ठेवली.

कपाटावर भुईमुगाच्या शेंगांची एक पोतडी होती, भिंतीला टेकूनच, तिच्यातही दाण्यावर हिरवी बुरशी. आत्याबाई म्हणत होत्या धुवून भाजून घेऊ. ते मी ऐकलं नाही. शेंगदाण्यावरच्या तसल्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकते, ते लिव्हरला वाईट, आणि धुवून किंवा भाजून ते पूर्ण जात नाही. ढोरालाही घातली नाही, गाडून टाकली.

मग वाळवणं. इथेच सगळ्यांचा धीर सुटतो. नऊ इंची भिंत, चारपाच महिने पाणी प्यालेली, ती चार दिवसात कशी वाळेल. दिवाळी आली तरी विटा उघड्या. लोकांच्या घरी रंगरंगोटी आणि आमच्या खोलीत लाल भिंत, पाहुणे विचारत कोसळली का. हे तर रोज विचारत आता लावायचं का पलस्तर. मी म्हटलं सोयाबीनला कसं, 12 टक्क्यांच्या वर ओलावा दिसला की पोतं बाजूला काढतात, 2024 च्या नोव्हेंबरात सरकारनं 15 पर्यंत चालवून घेतला ती गोष्ट वेगळी. कापसाचं पण तेच, 8 च्या वर गेला की भाव कापतात, 12 च्या वर घेतच नाहीत. दाण्यादाण्याचा ओलावा मोजणारे आपण आणि भिंतीला मात्र अंदाजानं! तर म्हणाले, "मंग आणू का अडत्याचं मीटर, लावू भितीले?" मीटर नाही पण खताच्या पोत्यातलं आतलं पारदर्शक प्लास्टिक हातभर कापलं आणि विटांवर चारी बाजूनं चिकटपट्टीनं बंद करून टाकलं. दुसऱ्या दिवशी आतून थेंबच थेंब, खोली कोरडी असून. म्हणजे पाणी भिंतीतून निघून राहिलं होतं. ते काढायचं, भिंत उघडी ठेवायची, आणि दर रविवारी परत लावायचं. दुसऱ्या रविवारी धुकं धरल्यासारखं, तिसऱ्याला कोपऱ्यात थोडंसं, आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी प्लास्टिक स्वच्छ, विटा पण फिक्या पडल्या होत्या. ऑक्टोबरच्या कडक उन्हानं आणि नंतरच्या कोरड्या थंडीनं खूप काम केलं, हेच जुलैत असतं तर भिंत वाळलीच नसती.

पलस्तर झालं, पाणी मारलं, महिनाभर तसंच ठेवलं, संक्रांतीनंतर रंग. दुकानदार ओल न लागणारा महाग प्लास्टिकचा रंग सुचवत होता. मामाजी म्हणाले चुना लावा, आणि यावेळी मामाजींचं ऐकलं. चुन्यातून भिंतीची उरलीसुरली वाफ बाहेर पडते, रंगाचा फुगा होत नाही, आणि चुना तिखट असल्यामुळे बुरशीलाही लवकर पाय रोवता येत नाही. थोडी नीळ टाकली. सगळा खर्च, मिस्त्री, रेजा, टाइल्स, सिमेंट, रेती धरून 9 हजारांच्या वर गेला, त्यात तो एल्बो 90 चा. आणि आधीची पुट्टी वेगळी.

शालूचं राहिलं. मी तो उन्हात झटकला, फॉल काढून नवीन लावला, पदर ठीक निघाला पण आतल्या घडीवर दोनतीन फिके ठिपके राहिलेच, ते निघत नाहीत. काकूंना लपवून देता आला असता, निऱ्यांत गेले असते ते. पण मी पिशवी घेऊन त्यांच्या घरी गेले आणि दाखवून दिले. त्या चिडल्या, चिडणारच, फॉल-पिकोचे आणि चार ब्लाउजचे पैसे मी घेतले नाहीत आणि वरून यवतमाळहून ड्रायक्लीन करून आणला. लग्नात मला आहेर केला पण बोलल्या नाहीत. पुढे त्यांचं काम दारव्ह्याच्या दुसऱ्या टेलरकडे जाऊ लागलं.

परवा आल्या, नातवाच्या बारशासाठी दोन ब्लाउज पीस घेऊन. चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाल्या. कपाट आता भिंतीपासून वीतभर पुढे असते, त्याच्या मागे त्यांनी वाकून पाहिलं, मग भिंतीवर तळहात ठेवला, उलटा केला, चुना लागला होता तो पदराला पुसला, आणि पिशवी मशीनवर ठेवून म्हणाल्या, "गळा मागून खोल नको घेऊ वं, मागच्या वेळी लय घेतला होता."